उतारवयातील कोपराचा अस्थिभंग : शस्त्रक्रिया केव्हा?

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात किंवा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर तोल गेला, की माणूस आपोआप हात टेकतो. तरुणपणी असे पडणे खरचटण्यावर निभावते. उतारवयात मात्र ठिसूळ झालेले हाड कोपराजवळ मोडू शकते. 'हातच आहे, बसेल' म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः घास तोंडाशी नेणे, केस विंचरणे, काठी टेकून उठणे या साऱ्यांसाठी कोपर लागते.

कोपर हा लवकर आखडणारा सांधा आहे. हात अनेक आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिल्यास हाड जुळते, पण हात पुरेसा वाकत नाही. म्हणून हाड जोडण्याइतकाच, सांधा लवकर हलवता यावा हाही शस्त्रक्रियेचा हेतू असतो.

दंडाच्या हाडाचे खालचे टोक मोडून तुकडे सरकले असतील, तर सामान्यतः दोन प्लेट व स्क्रू बसवतात. हाडाचा चुरा होऊन स्क्रूची पकडच राहणार नसेल, तर कृत्रिम सांध्याचा पर्याय असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत, ६५ वर्षांवरील अशा रुग्णांमध्ये दोन वर्षांनंतर कृत्रिम सांध्याचे कार्य प्लेटच्या तुलनेत सरस आढळले. मात्र त्या हाताने पुढे आयुष्यभर सुमारे पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये, असे सांगितले जाते. वॉकरवर भार देऊन चालणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच हवी असे नाही. कोपराचे मागचे टोक मोडले, पण सांधा जागेवर असेल, तर अतिवृद्धांना झोळी आणि व्यायाम पुरू शकतात. एडिंबरा येथील ७५ वर्षांवरील रुग्णांची लहानशी चाचणी (२०१७) शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे मध्येच थांबवावी लागली; शस्त्रक्रिया न केलेल्यांचे हात वर्षभरानंतर तितकेच उपयोगी होते.

पडल्यानंतर सूज चढण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. हात आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा आधार देऊन झोळीत ठेवावा. बोटे थंड वा पांढरी पडली, करंगळी बधिर झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. हात ओढून बसवणे वा जोरकस मालिश टाळावे. त्याने सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडू शकते. आठवडे वाया गेले, की तुकडे वेडेवाकडे जुळतात आणि पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

या उपचारांसाठी सातारा-सांगलीच्या रुग्णांनी फार दूर जाण्याची गरज नाही. सातारा, कऱ्हाड व सांगली येथे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. मिरजेत तर वानलेस रुग्णालयाची १८९४ पासूनची परंपरा आणि १९६२ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया व ते रुग्णालय त्यात बसते का, हे दाखल होतानाच विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी चुकवू नये. शिवाय हाडांची घनता तपासून ठिसूळपणावर उपचार घ्यावेत. नाहीतर आज कोपर, उद्या खुबा ही वेळ दूर नसते.