मार्जार, कॅटनिप आणि दोन तगर

आमच्या चिकित्सालयात नित्य येणाऱ्या एका भगिनींनी मध्यंतरी पृच्छा केली, “वैद्यबुवा, मांजरांना कॅटनिप आवडते म्हणे. त्याऐवजी आपले तगर चालेल का?” प्रथम हसू आले, परंतु त्यांच्या अंगणातील तगरीचे झाड आठवले आणि ते मावळले.

औषधी तगर म्हणजे हिमालयात होणाऱ्या व्हॅलेरियाना जटामांसीचे मूळ. पांढऱ्या फुलांची, चीक असलेली अंगणातील तगर ही कण्हेरीच्या कुळातील असून तिच्यात तीव्र अल्कलॉइडे असतात. नामसाम्यापायी ती मांजराच्या मुखी जाऊ नये. युरोपीय व्हॅलेरियनच्या मुळाकडेही कित्येक मांजरे ओढली जातात, हे खरे. म्हणून मनुष्याच्या मात्रेतील तगरचूर्ण त्यांना चाटवावे, असे मात्र नव्हे.

कॅटनिप (नेपेटा कॅटारिया) तुळशीच्या कुळातील. तिच्यातील नेपेटालॅक्टोन या उडनशील द्रव्याचा गंध नाकात शिरताच मांजर लोळते, गाल घासते, पाने चावते. दहा-पंधरा मिनिटांत हा आवेग ओसरतो. पुढे तासभर तरी तीच पाने समोर धरली असता ते ढुंकूनही पाहत नाही. हा गुण आनुवंशिक आहे. सुमारे एकतृतीयांश मांजरे निर्विकार राहतात, लहान पिलेही तशीच. जपानी संशोधकांनी २०२१ साली दाखविले की, याच वर्गातील माताताबी वनस्पतीवर अंग घासलेल्या मांजरांवर डास कमी बसतात. मार्जाराने स्वतःच शोधलेला हा लेपच म्हणावा!

वाळलेल्या पानांची चिमूट कापडावर चोळून द्यावी व खेळ संपताच उचलून ठेवावी. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. अधिक खाल्ल्यास वांती व अतिसार होतो. गर्भिणी मांजरीस देऊ नये. अर्क वा तेल तर कदापि नको. मांजराच्या यकृतास फिनॉलवर्गीय द्रव्यांचे ग्लुक्युरोनाइडशी संयोग घडवून निर्हरण करणे फारसे साधत नाही. पॅरासिटामॉल त्यास प्राणघातक ठरते ते याच कारणाने. सर्दीसाठी मांजराच्या अंगास ओव्याचे वा लवंगेचे तेल चोळणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. अशा वेळी आपला अधिकार ओळखून त्यांस तत्काळ पशुवैद्यांकडे धाडावे.

भगिनींनी पुढे कॅटनिपची पुडी मागविली. मांजरीने एकदा हुंगले आणि शेपटी उंचावून ती स्वयंपाकघराकडे चालती झाली.