चौक किती वेळ बंद राहील?

कोल्हापुरात आणखी एक अर्धमॅरेथॉन भरवायची असं धावणाऱ्यांच्या एका गटाने मनावर घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो नोंदणी किती होईल याचा. मला तो दुय्यम वाटतो. धावणारे बाहेरगावाहूनही येतात. शहराला शर्यत झेपते की नाही, हे त्या सकाळी न धावणाऱ्यांवर ठरतं: दूधवाले, सीपीआर रुग्णालयाकडे निघालेल्या रिक्षा, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्या आणि कसबा बावड्याच्या कारखान्याकडे चाललेला ऊस. म्हणून कच्चा मार्ग मोजायला निघालेल्या मंडळींबरोबर मीही भल्या पहाटे बाहेर पडलो.

मोजणीची सायकल साधीच असते. पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर नावाचं छोटंसं यंत्र बसवलेलं. चाक फिरेल तसे त्यातले आकडे सरकतात. एक आकडा म्हणजे साधारण नऊ सेंटिमीटर. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी चालवून घेतात आणि मोजणी संपल्यावर पुन्हा तिथेच आणतात, कारण ऊन चढलं की टायर फुगतो आणि आकडे बदलतात. वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखायचं, म्हणजे धावणाऱ्याला मिळू शकेल ती सगळ्यात जवळची वाट धरायची. वाटेत उभी केलेली मोटार आली, की सायकलस्वार तिच्या मागे थांबून पुढचा ब्रेक आवळतो, सायकल उचलून बाजूला घेतो, मोटारीच्या कडेने पुढे जातो आणि तशीच उचलून मूळ रेषेवर आणतो. शिवाय २१.०९७५ किलोमीटरवर सुमारे २१ मीटर जादा धरतात, मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून. ही काटेकोर मेहनत बघत राहावी अशी असते.

तेवढीच मेहनत वेळेच्या हिशेबावर घ्यायला हवी. साडेतीन तासांची मुदत ठेवली, तर शेवटचा माणूस किलोमीटरला दहा मिनिटं घेतो. पहिला तेवढंच अंतर साडेतीन मिनिटांच्या आत कापतो. तिसऱ्या किलोमीटरवरच्या चौकात पहिला दहाव्या मिनिटाला येतो, शेवटचा तिसाव्या. चौक वीस मिनिटं अडतो. तोच चौक अठराव्या किलोमीटरवर आला तर पहिला तासाभरात पोचतो, शेवटचा तीन तासांनी. दोन तास रस्ता बंद! म्हणून जो रस्ता फार वेळ अडवता येत नाही, तो मार्गाच्या सुरुवातीलाच घ्यायचा.

आमच्या आराखड्यात बावड्याचा रस्ता सतराव्या-अठराव्या किलोमीटरवर होता. तो पुढे आणला, तर सीपीआरजवळचा चौक शेवटी जाई. रुग्णवाहिकेला धावणाऱ्यांतून वाट काढून देता येते, स्वयंसेवक दक्ष असले म्हणजे झालं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला ते जमत नाही. त्याला मध्येच थांबवलं की मागची रांग तुंबते. बावड्यात थांबलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पळा की, कोण नको म्हणतंय? पर आमचा नंबर गेला तर दिवस गेला, ते बी बघा."

तारीख बदलूनही सुटका नाही. पावसाळ्यात कोल्हापूरचा पाऊस, एप्रिल-मेमध्ये ऊन, नवरात्रात देवीची गर्दी. धावायला चांगली थंडी पडते तीच गाळपाच्या हंगामात. त्यात डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची. त्या रविवारी आपली शर्यत ठेवली तर बाहेरचे येणार नाहीत. उरतात मोजके रविवार. स्वयंसेवकांची मला काळजी नाही. गणपतीची मिरवणूक पार पाडणारी तालमीची पोरं चौक सांभाळायला कुणाला हार जायची नाहीत.

माझं मत मी बैठकीत मांडलं: यंदा एकवीस नको, दहा किलोमीटर घ्या. किलोमीटरला दहा मिनिटांचीच मुदत ठेवली तरी नवव्या किलोमीटरचा चौक तासाभरात मोकळा होतो आणि बावड्याचा रस्ता मार्गात घ्यावाच लागत नाही. काही जणांचे चेहरे उतरले. पदकावर एकवीसचा आकडा असावा, ही त्यांची हौस मला समजते, पण कारखान्याची रांग दोन तास अडवून ती पुरवू नये. दहा किलोमीटर ठरले. आता वळण्याची जागा रंकाळ्याकडे शोधायची आहे, सकाळी फिरायला येणाऱ्यांची वाट न अडवता.