कॉग्निटिव्ह रेडिओ जाळ्यांतील सहकारी स्पेक्ट्रम संवेदन

रेडिओ वारंवारितांचे पट्टे परवान्याने वाटून दिलेले असले, तरी त्यांपैकी पुष्कळ पट्टे अनेक ठिकाणी रिकामे राहतात. अशी मोकळी जागा स्वतः ओळखून तात्पुरती वापरणारा व मूळ परवानाधारकाचे प्रक्षेपण सुरू होताच बाजूला होणारा संच म्हणजे कॉग्निटिव्ह रेडिओ होय. जोसेफ मिटोला व जेराल्ड मॅग्वायर यांनी १९९९ मध्ये ही संकल्पना मांडली. तिची सारी भिस्त पट्टा रिकामा आहे हे अचूक ओळखण्यावर आहे.

हे काम सोपे नाही. दूरचित्रवाणीच्या मोकळ्या वाहिन्यांसाठीच्या आयईईई ८०२.२२ या २०११ च्या मानकात उणे ११६ डीबीएम इतका क्षीण डिजिटल संकेत ओळखण्याची अपेक्षा आहे. ६ मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीतील औष्णिक गोंगाटच सुमारे उणे १०६ डीबीएम असतो. म्हणजे संकेत गोंगाटाच्या एक दशांश. त्यातच संच एखाद्या इमारतीच्या आड असला, तर त्याला काहीच ऐकू येत नाही. तो प्रक्षेपण सुरू करतो, आणि चूक संचाची असूनही भुर्दंड पलीकडच्या प्रेक्षकाला पडतो.

यावर उपाय म्हणून निरनिराळ्या जागी असलेले संच आपापला निष्कर्ष एका निर्णय केंद्राकडे पाठवितात. समजा, पाच संच आहेत. प्रत्येकाची संकेत ओळखण्याची संभाव्यता ०.६ आणि खोट्या इशाऱ्याची ०.१ आहे. एकाने जरी 'संकेत आहे' म्हटले तरी ते मान्य करावयाचे, असा नियम ठेवल्यास ओळखण्याची संभाव्यता ०.९९ होते. परंतु खोटा इशाराही ०.४१ वर जातो, व रिकामा पट्टा वाया जातो. बहुमताचा नियम लावला, तर खोटा इशारा ०.०१ पेक्षाही खाली येतो. ओळख मात्र ०.६८ वरच थांबते. तेव्हा नियमाची निवड ही केवळ गणिताची बाब नसून, तोटा परवानाधारकाने सोसावा की दुय्यम वापरकर्त्याने, याचा तो निर्णय आहे.

शिवाय हे आकडे पाचही निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत या गृहीतकावर उभे आहेत. पाचही संच एकाच इमारतीच्या छायेत असतील, तर पाच मते जवळजवळ एकाच मताच्या तोलाची ठरतात. पहिल्या नियमात एक लबाड संचही सतत खोटा इशारा देऊन सर्वांना पट्ट्याबाहेर ठेवू शकतो.

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००८ मध्ये सक्तीचे केलेले संवेदन, स्वतःचे स्थान जाणून मोकळ्या वाहिन्यांची माहिती डेटाबेसमधून घेणाऱ्या संचांपुरते २०१० मध्ये वगळले. मात्र डेटाबेसमध्ये नोंद नसलेला बिनतारी मायक्रोफोन अशा संचाला कळत नाही. तो ऐकूनच ओळखावा लागतो.