क्रिस्टल गेला, आकडा आला

मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या १३ ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या, पाठोपाठ नियमही आले. फ्रिक्वेन्सी कुठली, परवाना लागतो का, यंत्राला मान्यता आहे का, याचा पत्ता न देता माल खपवला जात होता. तेव्हापासून बोललं जातंय ते दुकानदारांबद्दल. मला त्या सेटमधल्या एका नखाएवढ्या भागाबद्दल बोलायचंय, कारण भानगडीचं मूळ तिथे आहे.

पूर्वी दर चॅनेलला क्रिस्टलची जोडी लागे, एक बोलायला आणि एक ऐकायला. सहा चॅनेल हवे तर बारा क्रिस्टल. त्यांच्या फ्रिक्वेन्सीबाहेर सेट जाणार कसा? हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारा सिंथेसायझर आला आणि हे कुंपण गेलं. त्याच्या पोटात असतो व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजच्या तालावर फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर. कॉइल, ट्रान्झिस्टर, चार कपॅसिटर आणि एक व्हॅरॅक्टर डायोड. या डायोडला उलटा व्होल्टेज जितका जास्त, तितका त्याचा कपॅसिटन्स कमी. कपॅसिटन्स उतरला की फ्रिक्वेन्सी चढते.

हा गडी एकटा सोडला तर बेभरवशाचा. ऊन लागलं, बॅटरी उतरली, की सरकलाच. त्याला वेसण घालणारा फेज लॉक्ड लूप. मूळ कल्पना फ्रान्समधली, आंरी द बेलेसीझ यांची, १९३२ सालची. हिशेब करून पाहा. १२.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १०२४ने भागलं की साडेबारा किलोहर्ट्झ मिळतात. व्हीसीओच्या १४५ मेगाहर्ट्झला ११,६००ने भागलं तरी तेवढेच. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि जो फरक दिसेल त्याचा व्होल्टेज करून व्हॅरॅक्टरला द्यायचा. ११,६००च्या जागी ११,६०१ टाका, व्हीसीओ पुढच्या चॅनेलवर जाऊन बसतो.

ऐकताना गणित वेगळं. बऱ्याच सेटमध्ये व्हीसीओ तेव्हा २१.४ मेगाहर्ट्झने बाजूला असतो, म्हणजे १२३.६वर, भागाकार ९,८८८ने. बटण दाबलं की त्याला एवढी उडी मारायची असते. कुणी दोन व्हीसीओ ठेवतं, कुणी डायोडच्या स्विचने कॉइलचा तुकडा आत-बाहेर करतं. तरी लूप स्थिरावेपर्यंत ट्रान्समीटर गप्प ठेवावा लागतो. वर पलीकडच्या सेटला आवाजासोबत जाणारा ओळख-टोन हेरायला वेळ लागतोच. बंदोबस्तात घाईघाईने उच्चारलेल्या ‘नका सोडू’मधलं ‘नका’ वाटेतच गळालं तर काय होईल, याची कल्पना करा. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला, असं सांगतात ते उगाच नव्हे.

मला सगळ्यात भावतो तो मिलिव्होल्टचा खेळ. एका व्होल्टला ५ मेगाहर्ट्झ सरकणारा व्हीसीओ घ्या. अर्धा मिलिव्होल्ट खरखर आत शिरली तर तो अडीच किलोहर्ट्झ हलेल, आणि साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ओरडून बोललेल्या आवाजालासुद्धा तेवढंच हलायची मुभा असते! म्हणून त्याला गाळून घेतलेला वेगळा पुरवठा, वर पत्र्याची डबी, जुन्या सेटमध्ये कॉइलवर मेण. मेण निघालं असेल तर सेटवर टिचकी मारा, पलीकडच्याच्या कानात ठणका बसतो.

आवाजही याच डायोडवरून चढवतात. पण लूपला तो बिघाड वाटतो आणि तो दुरुस्त करू पाहतो. बोलणं भराभर बदलतं, म्हणून लूपच्या हातून निसटतं. ६७ ते २५० हर्ट्झचे संथ ओळख-टोन सापडतात आणि पुसले जातात. यावर तोड काय, तर तोच टोन संदर्भाच्या क्रिस्टललाही द्यायचा. मग दोन्ही बाजू एकदमच डुलतात, लूपला फरक दिसतच नाही. इतकी देखणी लबाडी इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार थोडी असेल.

आता नोटिशीकडे येऊ. आपल्याकडे परवान्याविना वापरायच्या वॉकीटॉकींसाठी ४४६ मेगाहर्ट्झलगतचा चिंचोळा पट्टा आहे. पण १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० असा मोकाट फिरणारा स्वस्त सेट कीपॅडवर टाकाल तो आकडा घेतो. विक्रीच्या पानावर फ्रिक्वेन्सी छापायला लावणं ठीकच, पण गिऱ्हाईक घरी जाऊन दुसरा आकडा टाकतं त्याचं काय? माझ्या मते भागाकाराच्या आकड्याची हद्द कारखान्यातच चिपमध्ये बंद व्हायला हवी, आणि मान्यता देणाऱ्या प्रयोगशाळेने हद्दीबाहेरचा आकडा टाकून सेट तो नाकारतो का, हे आधी तपासायला हवं.