उपदेश आणि समुपदेशन

आमच्या भवानी पेठेत फुकट मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे उपदेश. मागाच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. पण कारखान्याबाहेर चहाच्या गाड्यापाशी आले की दारू पिणाऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारे हटकून भेटतात. मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत त्या सांगितल्या जातात. पिणारा मान खाली घालून ऐकतो, शपथ वाहतो आणि आठवड्याच्या पगाराच्या दिवशी पुन्हा पितो. असे का व्हावे?

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ अभ्यासाचा नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. घरात एक जण शिकू लागला की रेशनचा अर्ज, बँकेचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी सारे त्याच्यापुढे येते. तसेच एके दिवशी काकू आली आणि म्हणाली, "तू एवढी शिकतीस, तुझ्या काकाला जरा समजाव की." एकोणीस वर्षांच्या पुतणीने पंचेचाळीस वर्षांच्या काकांना समजवायचे म्हणजे नेमके काय करायचे? मानसशास्त्राच्या पुस्तकांत आणि मराठीतल्या काही लेखनात मला जे उत्तर सापडले, ते येथे मांडते.

उपदेशात सांगणारा उंचावर असतो आणि ऐकणारा खाली. लहान मुलाच्या बाबतीत हे एक वेळ चालते. प्रौढ माणसाची गोष्ट निराळी. दारूने यकृत बिघडते, संसार मोडतो, हे त्याला ठाऊक असते. ते त्याने घरी, कामावर आणि सासरवाडीत शंभरदा ऐकलेले असते. त्याला कमी असते ती माहिती नव्हे. उलट प्रत्येक उपदेशासरशी त्याची लाज वाढते, आणि ती लाज बुडवायला त्याला एकच जागा माहीत असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987) यांनी या दृष्टीला मोठा धक्का दिला. माणूस बदलतो तो समोरच्याने हुशारीने निदान केल्यामुळे नव्हे, तर त्या दोघांमधल्या नात्यामुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या नात्यात त्यांनी तीन गोष्टी महत्त्वाच्या मानल्या. पहिली सच्चेपणा, समुपदेशकाने मुखवटा घालून बसू नये. दुसरी विनाशर्त स्वीकार. "दारू सोडलीस तरच तू माणूस" असे न म्हणता आज जसा आहे तसा त्याचा मान राखणे. तिसरी समानुभूती, त्याच्या जागी उभे राहून त्याचे जग पाहणे. कीव आणि करुणा यांतला फरक येथेच आहे. कीव वरून खाली पाहते, करुणा शेजारी येऊन बसते.

पुढे विल्यम मिलर यांनी 1983 साली व्यसनी माणसांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी लिहिलेले पुस्तक 1991 साली आले. तिचे मर्म साधे आहे. बहुतेक व्यसनी माणसे मनातून दुभंगलेली असतात. एक मन सोडू म्हणते, दुसरे नको म्हणते. आपण "सोड" म्हणून जोर लावला की "नको" म्हणणाऱ्या मनाची वकिली तो स्वतः करू लागतो. म्हणून सोडण्याची कारणे समुपदेशकाने सांगायची नसतात. ती त्याच्याच तोंडून यावी लागतात.

उदाहरण घेऊ. समजा, रात्रपाळीचा एक विणकर समुपदेशकासमोर बसला आहे. "अण्णा, तुम्ही पिता तरी कशाला?" असे विचारले, तर तो बचावाला उभा राहील. त्याऐवजी "अण्णा, पाळी सुटल्यावर घरी पोचेपर्यंत कसं वाटतं?" असे विचारले, तर तो पाठीच्या दुखण्याविषयी बोलेल, खाड्याने बुडालेल्या मजुरीविषयी बोलेल, आणि कदाचित शेवटी, मुलगी आताशा आपल्याशी बोलत नाही, हेही सांगेल. समुपदेशक एवढेच म्हणेल, "मुलीचं न बोलणं तुम्हाला फार लागलंय." हे वाक्य उपदेशाचे नाही. पण त्यातून त्या माणसाला आपलेच मन आरशात दिसते.

हे सारे परदेशी पुस्तकापुरतेच आहे असे कोणी समजू नये. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी 1986 साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या व्यसनावरील अनिल अवचटांचे लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. तेथे दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. या एका शब्दात सारी दृष्टी आली. तेथे औषधोपचार आहेत, गटचर्चा आहेत, शिस्त आहे, स्वतःची कामे स्वतः करणे आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे इतरांचे समुपदेशन करतात. पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, कारण व्यसन एकाचे असले तरी पोळते सारे घर. डॉ. अनिता 1997 साली कर्करोगाने गेल्या. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी, त्याही मानसशास्त्राच्या अभ्यासक, ते काम पुढे चालवले.

करुणा म्हणजे सारे खपवून घेणे, असा एक गैरसमज आहे. तो दूर केला पाहिजे. बायकोवर हात टाकणाऱ्याला "बिचारा" म्हणणे ही करुणा नव्हे. त्यात त्या बाईवर अन्याय होतो. माणसाचा स्वीकार करायचा, त्याच्या प्रत्येक कृत्याचा नव्हे. दुसरी गोष्ट, नुसत्या गोड शब्दांनी व्यसन सुटत नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात. ते जिवावरही बेतू शकते. म्हणून डॉक्टरांची देखरेख हवीच. देवापुढे शपथ घालून माणसाला घरात कोंडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

अडचणीही खऱ्या आहेत. आठवडे काढून केंद्रात राहायचे तर मजुरी बुडते, आणि हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला हा हिशेब पुस्तकाने सुटत नाही. "वेड्यांच्या डॉक्टरकडे" जायची लाज निराळीच. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. निदान पहिले पाऊल तरी खाडा न करता टाकता येते.

आता काकूच्या प्रश्नाविषयी. मी समुपदेशक नाही. दोन वर्षांच्या अभ्यासाने कोणी तसे होत नाही. काकांना मी काहीही समजावले नाही. एका रविवारी त्यांच्याजवळ बसले आणि विचारले, "काका, तुम्ही पहिल्यांदा मागावर उभे राहिलात तेव्हा केवढे होतात?" ते बराच वेळ बोलले. दारूचा विषय शेवटी त्यांनीच काढला. तो क्रमांक मी कागदावर लिहून त्यांना दिला. त्यांनी अजून फोन केलेला नाही. परंतु कागद त्यांच्या खिशात आहे, असे काकू सांगते.

आपल्यापैकी पुष्कळ जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. उद्या घर आपल्याकडे शहाणपण मागेल. ते सांगण्याची घाई होईल, तेव्हा आधी ऐकावे. सांगणारे आपल्या पेठेत पुष्कळ आहेत. वाण आहे ती ऐकणाऱ्यांची.