‘बरं हाये’ या उत्तराचा अर्थ

वाशीम जिल्ह्यातील आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी वृद्धांची रांग लागते. पासबुक घेताना मी विचारतो, “बाबा, तब्येत कशी आहे?” कुणाला साखर, कुणाला बी.पी., कुणाला दमा. तरी बहुतेकांचे उत्तर एकच, “बरं हाये.”

हे उत्तर खोटे असते काय? प्रस्तुत लेखात याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या व्याख्येनुसार आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक अशी पूर्ण सुस्थिती. व्याख्या उदात्त खरी. पण ती लावली तर मधुमेही माणूस कधीच निरोगी ठरणार नाही. म्हणून २०११ साली नेदरलँड्सच्या डॉ. माख्टेल्ड ह्यूबर व सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला : परिस्थितीशी जुळवून घेण्याची व स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. आपली वृद्ध माणसे हेच मोजमाप वापरतात. शेतापर्यंत जाता येते, नातवाला शाळेत पोचवता येते, म्हणून ती ‘बरी’ असतात.

शास्त्रालाही या उत्तराची किंमत कळलेली आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यापुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली. तीत रक्तदाब मोजला गेला, तसेच ‘तुमची प्रकृती तुम्हाला कशी वाटते?’ हेही विचारले गेले. परदेशातील अशा २७ अभ्यासांचा आढावा १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली प्रकृती वाईट आहे असे सांगणाऱ्यांत पुढे मृत्यूचे प्रमाण अधिक होते, असे त्यांपैकी बहुतेकांत दिसले.

परंतु या उत्तराला मर्यादाही आहे. साखर आणि रक्तदाब हे मुके आजार आहेत. माझे वडील बरे वाटले की गोळ्या बंद करीत. “दुखत नाही, तर औषध कायले?” असे म्हणत. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. जखम होते, पण कळ येत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत तळव्यात घुसलेले धसकट त्यांना कळलेच नाही. शेवटी एक बोट काढावे लागले. आदल्या दिवशीही ते “बरं हाये” असेच म्हणाले होते, आणि खोटे बोलत नव्हते. पायाने त्यांना काही सांगितलेच नव्हते.

त्यानंतर रोज रात्री नातू बॅटरी लावून आजोबांचे तळवे पाहू लागला. गोळीही चुकेनाशी झाली. मनातली शिल्लक पासबुकाशी ताडून पाहावी, तसेच हे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या वृद्धांचे “बरं हाये” हसण्यावारी नेऊ नका. त्यात त्यांचा स्वाभिमान आहे. मात्र तेवढ्यावर थांबूही नका. जवळ बसा आणि विचारा, “आज गोळी घेतली का? साखर कधी तपासली? पाय दाखवा बरं.”