राजवाड्यातून धावपट्टीकडे

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ मध्ये क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. खेड्यापाड्यांतली मुलं अनवाणी धावत होती आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. या मुलांना ऑलिम्पिकला पाठवायचंच, असं दोराबजींनी मनावर घेतलं आणि त्यासाठी स्वतःचा पैसाही घातला. १९२० मध्ये चार धावपटू आणि दोन मल्ल अँटवर्पला गेले. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. याच खटपटीतून १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष अर्थातच दोराबजी झाले.

वर्षभरातच अध्यक्षपद पतियाळाच्या राजघराण्याकडे गेलं. महाराजा भूपिंदर सिंग, मग त्यांचे पुत्र यादविंद्र सिंग, मग दुसरे पुत्र भालिंद्र सिंग. मधली ओ. पी. मेहरांची काही वर्षं सोडली, तर १९८४ पर्यंत अध्यक्षपद या एकाच घरात राहिलं. या घराण्याचं ऋण मान्य करायलाच हवं. परदेशी जायला बोटीचं भाडंही जमत नसे, त्या काळात संघटना टिकली ती अशाच आश्रयावर. १९५१ चे पहिले आशियाई खेळ आणि १९८२ चं एशियाड, दोन्ही दिल्लीत झाले ते याच काळात. पण आश्रयदात्याला जाब कोण विचारणार? ती सवय संघटनेला लागलीच नाही.

राजघराण्यानंतर मुख्यतः राजकारणी आले. विद्याचरण शुक्लांनंतर शिवंती आदित्यन आणि १९९६ पासून पुण्याचे सुरेश कलमाडी अध्यक्ष झाले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेनंतर गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि कलमाडींना अटक झाली. पुढे २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्धचं मनी लाँडरिंगचं प्रकरण बंद करण्याचा ईडीचा अहवाल न्यायालयानं स्वीकारला. संघटनेला मात्र किंमत आधीच मोजावी लागली होती. डिसेंबर २०१२ मध्ये, निवडणुकीच्या वादातून, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं तिला निलंबित केलं. २०१४ मध्ये सोचीतल्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात आपले तीन खेळाडू तिरंग्याविना चालले. भांडण पदाधिकाऱ्यांचं आणि शिक्षा खेळाडूंना, हे लाजिरवाणं होतं.

बदल आतून आला नाही, तो सर्वोच्च न्यायालयाच्या दारातून आला. निवृत्त न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्या देखरेखीखाली नवी घटना तयार झाली आणि गुणवंत खेळाडूंना मतदानाचा हक्क मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये पी. टी. उषा बिनविरोध निवडून आल्या. संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागानं त्यांचं पदक हुकलं होतं. खेळाडूच्या पायाला काय लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तरीही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून त्यांचे आणि कार्यकारी समितीतल्या बहुतेक सदस्यांचे खटके उडाले. माणूस चांगला असून भागत नाही, हाच याचा धडा. अध्यक्षाची मुदत ठरलेली हवी, हिशेब उघडे हवेत आणि खेळाडूच्या तक्रारीला उत्तर मिळालंच पाहिजे. हे नियमानं पक्कं झालं, तर अध्यक्ष महाराजा आहे, मंत्री आहे की धावपटू, याची चिंता खेळाडूला करावी लागणार नाही. दोराबजींनी संघटना उभारली ती त्या अनवाणी मुलांसाठी. तिचा प्रत्येक अध्यक्ष त्याच मापानं मोजला गेला पाहिजे.